आणा, तक्षीम आणि छेद : औंध संस्थानाच्या परिसरातील भिन्नछेद अपूर्णांकांच्या वजाबाकीचा इतिहास

प्रास्ताविक

शालेय अंकगणितात भिन्नछेद अपूर्णांकांची वजाबाकी हा प्रकरणाच्या उत्तरार्धात येणारा, विद्यार्थ्यांना नकोसा वाटणारा भाग होय. अंशातून अंश आणि छेदातून छेद वजा करून ३/४ – १/२ = २/२ असे उत्तर लिहिणारा विद्यार्थी प्रत्येक वर्गात आढळतो. पाऊण भाकरीतून अर्धी भाकरी काढली असता संपूर्ण भाकरी उरत नाही, हे त्या विद्यार्थ्यासही ठाऊक असते. तथापि पाटीवरील आकडे आणि ताटातील भाकरी यांचा संबंध त्याच्या मनात तुटलेला असतो. हा संबंध मराठी मुलखात नेहमीच तुटलेला होता काय, असा प्रश्न येथे उपस्थित होतो. प्रस्तुत लेखात औंध संस्थानाच्या मुलखाचा आधार घेऊन या प्रश्नाचा ऐतिहासिक दृष्टीने मागोवा घेतला आहे.

औंधची निवड सहेतुक आहे. पंतप्रतिनिधींचे हे संस्थान सलग नव्हते. सुमारे ५०० चौरस मैलांचे क्षेत्र आणि बहात्तर गावे असलेला हा मुलूख तुकड्यातुकड्यांनी विखुरलेला होता. औंध आणि त्याच्या आसपासची गावे आजच्या सातारा जिल्ह्यात, आटपाडी व कुंडल आजच्या सांगली जिल्ह्यात, तर गुणदाळ विजापूरकडे, म्हणजे आजच्या कर्नाटकात. संस्थानाचा नकाशा हाच जणू एक अपूर्णांक होता. वतने, दुष्काळ, धान्याची उसनवारी, गावशाळा, यंत्रांचा कारखाना आणि गावपंचायतींचा कारभार असे हिशेबाचे सर्व प्रकार या लहानशा मुलखात शेजारी शेजारी नांदत होते.

भाषेतील वजाबाकी

मराठी संख्यावाचक शब्दांतच अपूर्णांकांची वजाबाकी दडलेली आहे. ‘पाऊण’ हा शब्द ‘पादोन’ यापासून आला आहे. पाद म्हणजे चौथा भाग, तो ऊन म्हणजे उणा केलेला. ‘पावणेदोन’ म्हणजे दोनातून पाव वजा. ‘दीड’, ‘अडीच’ आणि ‘औट’ यांची घडण याहून सूक्ष्म आहे. अडीच म्हणजे ज्यातील तिसरा अर्धा आहे असे, आणि औट म्हणजे ज्यातील चौथा अर्धा आहे असे, अर्थात साडेतीन. चारातून अर्धा वजा करण्याची क्रिया ‘औट’ म्हणणाऱ्याच्या मुखात आपोआप घडते. जी भाषा ‘एकोणीस’ म्हणताना विसातून एक काढते, तीच अपूर्णांकांतही वजाबाकीने बोलते.

पंतोजींच्या शाळांत पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी आणि औटकी हे अपूर्णांकी पाढे पूर्णांकी पाढ्यांच्या बरोबरीने घोकून घेतले जात. चार औट चौदा, तीन सव्वा पावणेचार ही वचने धूळपाटीवर न लिहिता ओठांवर असत. या पाढ्यांकडे निव्वळ घोकंपट्टी म्हणून पाहण्याचा प्रघात पडला आहे, परंतु तो पुरता न्याय्य नाही. सवायकी आणि दिडकी हे पाढे नेमके कोठे उपयोगी पडत, हे पाहिले की त्यांचे स्थान ध्यानात येते. पेरणीच्या वेळी बियाण्यासाठी घेतलेले धान्य सुगीला सव्वापटीने किंवा दीडपटीने परत करावयाचे, ही उसनवारीची रीत सवाई, दिढी वा वाढीदिढी या नावांनी रूढ होती. म्हणजे मुलाने शाळेत घोकलेला दिडकीचा पाढा हाच त्याच्या घराच्या कर्जाचा दर होता.

मापांची योजना

धान्य मापण्याची रीत पाहू. दोन निळव्यांचे एक कोळवे, दोन कोळव्यांचे एक चिपटे, दोन चिपट्यांचे एक मापटे, दोन मापट्यांचा एक शेर, दोन शेरांची एक अधोली आणि दोन अधोल्यांची एक पायली. प्रत्येक पायरीवर मागच्याचे निम्मे. शेरात सोळा निळवी आणि पायलीत चौसष्ट. नाण्यांतही हीच रचना दिसते : रुपयाचे सोळा आणे, आण्याचे चार पैसे, म्हणजे रुपयाचे चौसष्ट पैसे. पायलीचे निळव्याशी जे नाते तेच रुपयाचे पैशाशी. ज्याला धान्य मोजता येत होते त्याला पैसाही मोजता येत होता.

एका शेतकऱ्याने तीन पायल्या जोंधळा दिढीने घेतला, असे समजू. सुगीला साडेचार पायल्या देणे झाले. पीक बेताचे आल्याने त्याने एक पायली तीन शेर एक चिपटे फेडले. राहिले किती? शाळेच्या रीतीने हे उदाहरण ४ १/२ – १ १३/१६ असे मांडावे लागेल, छेद समान करावे लागतील, पूर्णांकातून एक उसना घ्यावा लागेल. खळ्यावर मात्र साडेचार पायल्या म्हणजे चार पायल्या दोन शेर. त्यातून फेड वजा केली की दोन पायल्या दोन शेर तीन चिपटी उरतात. शाळेचे उत्तर २ ११/१६ पायल्या, आणि दोन्ही उत्तरे एकच आहेत. खळ्यावरच्या माणसाने छेद समान केलेच नाहीत, कारण ते आधीच समान करून मापांच्या रूपाने त्याच्या पुढ्यात ठेवलेले होते.

मोडी हिशेबाच्या लेखनातही हेच तत्त्व होते. पूर्ण रुपयाच्या आकड्यापुढे एक उभा दांडा म्हणजे पाव, दोन म्हणजे अर्धा, तीन म्हणजे पाऊण. आणि त्यापुढील आडव्या वा तिरप्या रेघा म्हणजे आणे. चार आण्यांची एक पावली आणि चार पावल्यांचा रुपया अशी चढती श्रेणी असल्याने ही प्रत्यक्षात चाराच्या पायावरची स्थानिक अंकलेखनपद्धती ठरते. बारा आण्यांतून सात आणे वजा करताना लेखनिक तीन दांड्यांतून एक दांडा आणि तीन रेघा वजा करी. एक दांडा मोडून चार रेघा कराव्या लागत, आणि एक दांडा, एक रेघ, म्हणजे पाच आणे उरत. छेद हा शब्द त्यात कोठेच येत नाही.

तक्षीम आणि तिसरा भाऊ

ही रचना निम्म्याच्या निम्म्यावर उभी असल्याने अर्धा, पाव, आठवा व सोळावा हिस्सा तीत सहज बसतो. परंतु माणसांची कुटुंबे दोनाच्या पटीत वाढत नाहीत. पाटीलकी, कुलकर्ण, देशमुखी यांची वतने वारसांत वाटली जात आणि प्रत्येक वाट्यास ‘तक्षीम’ म्हणत. ‘निमे पाटीलकी’ हा शब्दप्रयोग मराठी कागदपत्रांच्या अभ्यासकास परिचित आहे. वतन म्हणजे केवळ उत्पन्न नव्हे. मानपान, शिक्क्याचा हक्क आणि गावातील प्रतिष्ठा त्याच्याशी निगडित होती. त्यामुळे वाट्यातील पैचा फरक हा अब्रूचा फरक ठरे.

येथे पै या नाण्याचे महत्त्व कळते. आण्याच्या बारा पै, म्हणून रुपयाच्या १९२. चौसष्टाला तिनाने भाग जात नाही, १९२ ला जातो. संपूर्ण वतन सोळा आणे मानले तर तिसरा हिस्सा बिनचूक पाच आणे चार पै होतो. निमे तक्षीम असलेल्या घराण्याने संपूर्ण वतनाचा तिसरा हिस्सा दुसऱ्यास लिहून दिला तर आठ आण्यांतून पाच आणे चार पै गेले, दोन आणे आठ पै राहिले. हाच १/२ – १/३ = १/६ हा सिद्धान्त. गावकऱ्याने तो ‘दोन आणे आठ पै’ या रूपात जाणला होता.

पाच भाऊ झाले की मात्र गणित अडते. प्रत्येकास तीन आणे दोन पै दिल्यास पंधरा आणे दहा पै होतात आणि दोन पै शिल्लक राहतात, ज्यांचे पाच भाग कोणत्याही नाण्यात होत नाहीत. जमिनीची गोष्ट याच्या नेमकी उलट आहे. एकराचे चाळीस गुंठे, गुंठ्याचे सोळा आणे, म्हणजे एकराचे ६४० आणे. त्यास पाचाने भाग जातो, तिनाने जात नाही. एकराचा तिसरा हिस्सा तेरा गुंठे पाच आणे आणि वर एका आण्याचा तिसरा भाग. पैशाच्या वाटणीत पाच भाऊ अडचणीचे, जमिनीच्या वाटणीत तीन. एकाच घरातील एकाच वाटणीचे दोन हिशेब असे दोन ठिकाणी अडत. अशा प्रसंगी रूढ माप अपुरे पडते आणि कोणत्याही दोन छेदांना लागू पडणाऱ्या सामान्य रीतीची गरज भासते.

शास्त्री आणि कारकून

ती रीत या भूमीत फार पूर्वीपासून ज्ञात होती. राष्ट्रकूट राजा अमोघवर्ष याच्या काळात, नवव्या शतकात, महावीराचार्यांनी ‘गणितसारसंग्रह’ या ग्रंथात ‘निरुद्ध’ ही संकल्पना मांडली. निरुद्ध म्हणजेच आजचा लघुतम साधारण विभाज्य अर्थात ल.सा.वि. होय. भास्कराचार्यांच्या ‘लीलावती’त (११५०) समच्छेद करण्याची रीत दोन प्रकारे सांगितली आहे. पहिल्या प्रकारात एकमेकांच्या छेदांनी अंश व छेद गुणावयाचे. दुसऱ्या प्रकारात छेदांतील समाईक अवयव आधी काढून मगच गुणावयाचे. वजाबाकीसाठी त्यांनी दिलेले उदाहरण मार्मिक आहे : चौदाव्या भागातून त्रेसष्टावा भाग वजा करणे. सरळ गुणले तर छेद ८८२ येतो आणि ४९/८८२ अशी ओबडधोबड संख्या हाती लागते. सातचा समाईक अवयव काढला तर छेद १२६ पुरतो, नवातून दोन गेले, ७/१२६, म्हणजे १/१८. उदाहरणातील चौदा आणि त्रेसष्ट या छेदांचा त्या काळच्या कोणत्याही नाण्याशी वा मापाशी संबंध नाही, आणि ते बहुधा त्याचसाठी निवडले असावेत.

याचा अर्थ भास्कराचार्य व्यवहारास पारखे होते असा नाही. ‘लीलावती’चा आरंभच नाण्यांच्या आणि मापांच्या कोष्टकांनी होतो. वीस वराटकांची एक काकिणी, चार काकिणींचा एक पण, सोळा पणांचा एक द्रम्म. एका कृपणाने याचकास द्रम्माच्या अर्ध्याच्या दोन तृतीयांशाच्या तीन चतुर्थांशाच्या पंचमांशाच्या षोडशांशाचा चौथा भाग दिला, असे एक उदाहरण त्यात आहे. सगळे गुणून १/१२८० येतात, आणि द्रम्मात वराटक बरोबर १२८० असल्याने याचकाच्या हाती एक कवडी पडते. अपूर्णांकांची ही लांबलचक माळ शेवटी एका हाताला लागणाऱ्या वस्तूवर येऊन थांबते. विद्यार्थ्यास हसू आणणारे आणि त्याचबरोबर छेद म्हणजे काय हे उमजवणारे असे उदाहरण क्वचितच सापडेल.

तथापि शास्त्र्यांची ही परंपरा आणि पंतोजींची हिशेबी परंपरा यांत देवाणघेवाण मर्यादित राहिली. एकीस ज्योतिषाची गरज होती, दुसरीस दफ्तराची.

छापील अंकगणित

एकोणिसाव्या शतकात या दोन्ही परंपरांवर तिसरीचे आरोपण झाले. मुंबई इलाख्यात १८२० च्या दशकात कॅप्टन जॉर्ज जर्विस यांच्या देखरेखीखाली मराठीत गणिताची पुस्तके तयार झाली. पुढे केरो लक्ष्मण छत्रे (१८२४–१८८४) यांच्या पुस्तकांनी मराठी शाळांतील अंकगणितास स्थिर रूप दिले. पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिकवीत असताना गोपाळ कृष्ण गोखले यांनी सिद्ध केलेले अंकगणिताचे पुस्तक तर देशभर गेले. या ग्रंथांतून अंश, छेद, समच्छेद, ल.सा.वि., म.सा.वि. हा क्रम रूढ झाला. मोल्सवर्थ यांच्या शब्दकोशात (१८३१) जी पाढ्यांची आणि मापांची शब्दसृष्टी भरलेली आहे ती या पुस्तकांत कोष्टकांपुरती उरली.

पाठ्यपुस्तकांनी अशा अपूर्णांकास ‘व्यवहारी अपूर्णांक’ असे नाव दिले. या नावातील विसंगती लक्षणीय आहे. व्यवहारात जे अपूर्णांक होते त्यांना छेद लिहिण्याची गरज नव्हती, आणि ज्यांना छेद लिहावा लागे ते व्यवहारात क्वचितच येत.

नव्या रीतीचे सामर्थ्य नाकारता येत नाही. पाच भावांचा आणि सात भावांचा प्रश्न तिने सारख्याच सहजतेने सोडवला. दोष रीतीत नव्हता. तो रीत ज्या क्रमाने पोचवली त्यात होता. विद्यार्थ्यास आणे-पै आधीच येत होते. १/२ – १/३ चे उत्तर तो आण्यांत देऊ शकत होता. रुपयाच्या १९२ पै हाच एक तयार समान छेद आहे, आणि ल.सा.वि. म्हणजे प्रत्येक वेळी नव्याने घडवलेली पै आहे, एवढे सांगितले असते तर जुन्या ज्ञानावर नवे उभे राहिले असते. पुस्तकांनी मात्र कोष्टके एका प्रकरणात आणि अपूर्णांक दुसऱ्या प्रकरणात ठेवले.

औंध : शाळा, कारखाना, पंचायत

या पार्श्वभूमीवर विसाव्या शतकातील औंधकडे पाहावे लागते. भवानराव श्रीनिवासराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी (१८६८–१९५१) हे १९०९ मध्ये गादीवर आले. चित्रकार, कीर्तनकार आणि सूर्यनमस्कारांचे प्रचारक म्हणून ते ओळखले जातात. शिक्षणाकडेही त्यांचे लक्ष होते. कोकणातून आलेल्या साने गुरुजींनी विद्यार्थीदशेतील काही काळ औंधला काढला. संस्थानातील आडगावच्या शाळेचे दर्शन मराठी वाचकास व्यंकटेश माडगूळकरांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) घडते. माडगूळकर याच संस्थानातील माडगुळ्याचे. मेंढरांमागे जाणारी मुले शाळेत आणणे हेच जेथे शिक्षकाचे पहिले काम, तेथे ल.सा.वि.पर्यंत किती जण पोचत असतील याची कल्पना करता येते.

त्याच मुलखात अपूर्णांकांची दुसरी शाळा १९१० मध्ये सुरू झाली. बाळासाहेबांनी दिलेल्या कुंडल रोड स्थानकाजवळच्या माळरानावर लक्ष्मणराव किर्लोस्कर यांनी कारखाना उभारला आणि किर्लोस्करवाडी वसली. आसपासच्या खेड्यांतील यंत्र न पाहिलेली माणसे तेथे कामगार झाली. लोखंडी नांगराचे भाग इंचांत, सुतांत आणि सुताच्या निम्म्यात मोजले जात. इंचाचे आठ सूत. सात सूत जाडीच्या पट्टीवरून ३/१६ इंच, म्हणजे दीड सूत, काढावयाचे तर साडेपाच सूत ठेवावयाचे. ७/८ – ३/१६ = ११/१६ हे उदाहरण येथे पट्टीवर डोळ्यांना दिसे, आणि चुकले तर बोल्ट भोकात बसत नसे. पायली आणि इंच या दोन्ही मापांची घडण निम्म्याच्या निम्म्याची असल्याने जोंधळा मापणाऱ्या माणसास सूत परके वाटण्याचे कारण नव्हते. शेतातून थेट यंत्रावर आलेले कामगार लवकर तयार झाले याचे श्रेय लक्ष्मणरावांच्या शिकवण्यास दिले जाते आणि ते योग्यच आहे. या जुन्या मापनसंस्काराचाही त्यात वाटा असावा.

हिशेब समजण्याचा प्रश्न राजकीय कसा होतो, हे १९३९ मध्ये दिसले. महात्मा गांधींच्या सल्ल्याने, मॉरिस फ्रीडमन आणि युवराज अप्पासाहेब पंत यांच्या परिश्रमातून औंधच्या प्रजेस स्वराज्याची राज्यघटना मिळाली. सुमारे पाऊण लाख लोकसंख्येच्या या संस्थानात गावपंचायत हा कारभाराचा पाया ठरला. मताधिकारास साक्षरतेची अट जोडण्यात आली. ही अट लोकांस वगळण्यासाठी नव्हती, साक्षरता वाढावी यासाठी होती. तरी एक गोष्ट नजरेतून सुटू नये. अक्षर न येणारे अनेक स्त्रीपुरुष पायलीतून चिपटे बिनचूक वजा करीत होते. गावच्या पैशाचा हिशेब तोंडी मांडला तर तो त्यांना समजत होता; कागदावर मांडला की तोच परका होई. सावकाराच्या वहीपुढे शेतकरी दुबळा ठरला तो वजाबाकी येत नव्हती म्हणून नव्हे, तर वहीतील वजाबाकी त्याला वाचता येत नव्हती म्हणून. साताऱ्यासह चार जिल्ह्यांसाठी १८७९ मध्ये झालेल्या दख्खन शेतकरी साहाय्य कायद्याने कर्जदारास पावती आणि हिशेबाचा उतारा मागण्याचा हक्क दिला, त्यामागे हीच जाण होती. औंधच्या मताधिकाराची अट त्याच प्रश्नाला साठ वर्षांनी दिलेले वेगळे उत्तर म्हणता येईल.

नवे पैसे

८ मार्च १९४८ रोजी औंध संस्थान मुंबई प्रांतात विलीन झाले आणि त्याचे तुकडे निरनिराळ्या जिल्ह्यांत गेले. त्यानंतर नऊ वर्षांनी, १ एप्रिल १९५७ रोजी, रुपयाचे शंभर नवे पैसे झाले. वजनमापांतही १९५६ च्या कायद्यान्वये टप्प्याटप्प्याने मेट्रिक पद्धती आली.

संक्रमणकाळात आणे आणि नवे पैसे दोन्ही चालत. त्यासाठी अधिकृत कोष्टक होते : एक आणा म्हणजे ६ नवे पैसे, दोन आणे १२, तीन आणे १९, चार आणे २५. एका आण्याचे खरे मोल सव्वासहा नवे पैसे असल्याने हे पूर्णांक करणे अपरिहार्य होते. परंतु तीन आण्यांतून एक आणा वजा केला तर उरतात दोन आणे, म्हणजे कोष्टकाप्रमाणे १२ नवे पैसे. आणि १९ मधून ६ वजा केले तर उरतात १३. दोन छेद, सोळा आणि शंभर, समोरासमोर आले आणि त्यांच्यातील तडजोड एका पैशाने चुकली.

दशमान पद्धतीचे लाभ निर्विवाद आहेत. तथापि १०० ला तिनाने भाग जात नाही. तिसरा हिस्सा, जो पाच आणे चार पै म्हणून बिनचूक सांगता येत होता, तो आता तेहेतीस पैसे आणि वर न संपणारी शिल्लक झाला. पावकी-निमकीचे पाढे हळूहळू अंकलिपीतून गेले. अपूर्णांक शिकवणाऱ्या पुस्तकास बाहेरच्या व्यवहारातून जो आधार घेता आला असता तो राहिला नाही. रीत तेवढी उरली. इंग्लंडमध्ये १९८१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शालेय गणिताच्या मोठ्या पाहणीतही अंशाशी अंश, छेदाशी छेद जुळवण्याची चूक वारंवार आढळली होती, तेव्हा ही अडचण केवळ मराठी मुलांची नव्हे. मुंबईच्या होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्रात अपूर्णांकांच्या अध्यापनावर जे काम झाले त्यात समान वाटणी आणि मापन या दोन अर्थांवर भर दिला गेला. वाटणी आणि मापन, म्हणजेच तक्षीम आणि पायली.

खटाव, माण आणि आटपाडी या पर्जन्यछायेतील तालुक्यांत पीक बुडाले की सरकार आजही गावोगावची पैसेवारी जाहीर करते. ती पन्नास पैशांखाली गेली की टंचाईच्या सवलतींचा प्रश्न येतो. कागदावर पैसेवारी असली तरी गावकरी विचारतात ते ‘यंदा आणेवारी किती लागली?’ असेच. सोळा आणे पिकातून किती गेले आणि किती उरले, हे सांगण्यासाठी नाणे मोडीत निघून कैक दशके लोटली तरी तो छेद वापरात आहे.